ॲनाबॉलिक स्टेरॉइडनं चरबी खरंच जळते का?

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. एक, स्नायूंचा आकार. दुसरी, त्या स्नायूंवर चरबीचा मागमूस नसणं. कातडी इतकी पातळ झालेली असते की मांडीवरच्या शिरासुद्धा मोजता याव्यात. मग पाहणारा साहजिकच हिशेब मांडतो: ज्या औषधानं स्नायू आले त्याच औषधानं चरबी गेली असणार. जिममध्ये हाच हिशेब 'कटिंग सायकल' या नावानं फिरतो. ठरावीक आठवडे ठरावीक गोळ्या-इंजेक्शनं घ्यायची आणि 'कट्स' बाहेर काढायचे.

हा हिशेब साफ खोटा असता तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण तो काही प्रमाणात खरा आहे आणि घोळ तिथेच होतो. ही औषधं ज्या पुरुषी संप्रेरकाच्या घराण्यातली, त्या टेस्टोस्टेरॉनचा चरबीशी संबंध आहे, तो मोजलेला आहे, त्यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. फक्त तो संबंध कुठे लागू होतो आणि कुठे संपतो, हे जिममधल्या गप्पांत कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. दमा, संधिवात, ॲलर्जी यांवर डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं वेगळी. ती कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या घराण्यातली. ती मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घ्यावी लागली तर चेहरा गोल होतो, पोटावर आणि मानेमागे चरबी साठते आणि हातापायांचे स्नायू झिजतात. म्हणजे या लेखात जे पाहायचंय त्याच्या नेमकं उलट. ॲनाबॉलिक स्टेरॉइडं म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या रेणूत थोडाफार फेरफार करून बनवलेली त्याची भावंडं: नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्सॅन्ड्रोलोन, ट्रेनबोलोन वगैरे. टेस्टोस्टेरॉन १९३५ साली बैलांच्या वृषणांतून शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं. म्हणजे ही औषधं काही कालपरवाची नाहीत. त्यांचा चरबीवरचा परिणाम नीट मोजायला मात्र आणखी साठेक वर्षं जावी लागली.

आता चरबी 'जाते' म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिची जवळजवळ सगळी जागा तेलाच्या एका मोठ्या थेंबानं अडवलेली दिसते. पेशीचं केंद्रक बिचारं एका कडेला दाबून बसलेलं असतं. त्या थेंबात ट्रायग्लिसराइडचे रेणू असतात: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली. चरबी कमी व्हायची तर आधी ही जोडणी तुटून मेदाम्लं पेशीबाहेर, रक्तात यायला हवीत. मग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून ती स्नायूंपर्यंत, हृदयापर्यंत, यकृतापर्यंत पोचायला हवीत. आणि शेवटी तिथल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांत, ऑक्सिजनबरोबर त्यांचं ज्वलन व्हायला हवं. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घामातून चरबी निथळत नाही, कितीही जाड जॅकेट घालून धावलात तरी.

यातली मेख अशी की पहिला टप्पा झाला म्हणून शेवटचा होतोच असं नाही. पेशीतून सुटलेली मेदाम्लं कुणाला लागलीच नाहीत तर फिरून चरबीच्या पेशीत जाऊन बसतात. हे सोडणं आणि परत घेणं दिवसरात्र चालू असतं. ज्वलन किती होणार हे शरीराला ऊर्जेची गरज किती आहे आणि ती जेवणातून किती भागली आहे यावर ठरतं. 'अमुक औषध चरबी मोकळी करतं' एवढं कुणी सांगितलं तर त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली आहे. मोकळी झालेली चरबी पुढे कुठे गेली, हे विचारायलाच हवं.

टेस्टोस्टेरॉन या व्यवहारात कुठे हात घालतं? मुख्यतः तीन ठिकाणी. रक्तातली चरबी पेशीत ओढून घेणारं एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज. पोटावरच्या चरबीत टेस्टोस्टेरॉन त्याचं काम मंदावतं. ॲड्रिनॅलिनचा 'चरबी सोड' हा निरोप घेणारे ग्राहक पेशीवर असतात, त्यांची संख्या ते वाढवतं. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. शरीरात काही मूळ पेशी अशा असतात की त्यांच्यापुढे अनेक वाटा मोकळ्या असतात. त्या स्नायूच्या पेशी होऊ शकतात, चरबीच्याही होऊ शकतात. २००३ साली उंदरांच्या अशा पेशींवर झालेल्या प्रयोगात दिसलं की टेस्टोस्टेरॉन दिलं की त्या स्नायूच्या वाटेला लागतात आणि चरबीची वाट टाळतात.

उलट्या बाजूनंही पुरावा आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन औषधांनी मुद्दाम बंद पाडतात, कारण त्या गाठीला ते पोसतं. अशा रुग्णांत वर्षभराच्या आत चरबी लक्षणीय वाढते आणि स्नायू घटतात. खाणंपिणं फारसं न बदलता. म्हणजे टेस्टोस्टेरॉन गेलं की चरबी येते, इथपर्यंत शंका नाही. पण याचा अर्थ टेस्टोस्टेरॉन दुप्पट, चौपट, सहापट केलं की चरबी त्याच प्रमाणात जाईल, असा होतो का?

याचं उत्तर देणारा प्रयोग अमेरिकेत शलेंदर भसीन यांच्या गटानं केला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. त्याची मांडणी इतकी नेटकी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८ ते ३५ वयाचे ६१ निरोगी तरुण घेतले. आधी एका औषधानं त्या सर्वांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद केलं, म्हणजे पाटी कोरी. मग पाच गट पाडले आणि त्यांना आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम अशी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं २० आठवडे दिली. वजनं उचलण्याचा व्यायाम कुणी करायचा नव्हता, आहारावरही लक्ष होतं. यातला १२५ चा गट साधारण निसर्गतः असतं त्या पातळीच्या आसपास, आणि ६०० चा गट त्याच्या कित्येक पट वर.

स्नायूंचा आलेख अपेक्षेप्रमाणे निघाला: मात्रा वाढेल तसा चढता. ६०० च्या गटातल्या तरुणांचं चरबीविरहित वजन सरासरी आठ किलोच्या आसपास वाढलं, एकही डंबेल न उचलता. चरबीचा आलेख मात्र वेगळा होता. २५ आणि ५० मिलिग्रॅमवाल्यांची चरबी वाढली, कारण त्यांना टेस्टोस्टेरॉन पुरत नव्हतं. १२५, ३०० आणि ६०० या तिन्ही गटांत चरबीत ठळक बदल झाला नाही.

म्हणजे चरबीपुरतं बोलायचं तर टेस्टोस्टेरॉनचा खरा जोर 'अपुरं' आणि 'पुरेसं' यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पुरेशाच्या पुढे भरमसाट घेत गेलं तर स्नायू वाढत राहतात, चरबी मात्र बहुतांशी होती तिथेच राहते. ज्या तरुणाचं टेस्टोस्टेरॉन मुळात ठीक आहे, आणि जिममध्ये सायकल करणारे बहुतेक याच वर्गातले असतात, त्याला चरबीच्या खात्यात फारसं काही मिळत नाही.

याच गटाचा १९९६ सालचा प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे. ४३ पुरुष, १० आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा खोटं इंजेक्शन, व्यायामासह किंवा व्यायामाविना. औषध आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचं चरबीविरहित वजन ६.१ किलोनं वाढलं. नुसतं औषध घेऊन बसून राहिलेल्यांचं ३.२ किलोनं, तर नुसता व्यायाम करणाऱ्यांचं १.९ किलोनं. 'व्यायाम करणाऱ्यापेक्षा न करता इंजेक्शन घेणारा पुढे' हे वाक्य याच प्रयोगावरून जगभर फिरलं. शरीरातल्या चरबीच्या टक्केवारीत चारांपैकी कुठल्याच गटात ठळक बदल झाला नव्हता, हे मात्र कुणी सांगत बसत नाही.

मग आरशात दिसतं ते काय? इथे एक साधं गणित करून पाहा. ८० किलोचा माणूस, २० टक्के चरबी. म्हणजे १६ किलो चरबी आणि ६४ किलो बाकी सगळं. त्याचं चरबीविरहित वजन सहा किलोनं वाढलं, चरबी एक ग्रॅमही हलली नाही. आता वजन ८६ किलो, चरबी तीच १६ किलो, टक्केवारी १८.६. 'माझं बॉडी फॅट दीड टक्क्यानं उतरलं' असं तो सांगेल आणि खोटंही बोलत नसेल. शिवाय तेवढीच चरबी आता मोठ्या स्नायूवर पसरलेली असल्यानं खांदे रुंद, कंबर त्या मानानं बारीक दिसते. फोटोत हा फरक जबरदस्त उठतो. टक्केवारीऐवजी किलोतला आकडा विचारला की बऱ्याच कहाण्या तिथेच थांबतात.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद असा: स्नायू वाढले की ते बसल्याजागी उष्मांक जाळतात, त्यामुळे चरबी आपोआप उतरते. तत्त्वतः बरोबर, आकड्यांत किरकोळ. विश्रांतीच्या वेळी एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी वापरतो. एक किलो चरबीसुद्धा साडेचारच्या आसपास वापरतेच. त्याउलट मेंदू किलोमागे सुमारे २४० आणि हृदय, मूत्रपिंडं तर ४४०. पाच किलो नवे स्नायू आले तर रोजचा जादा खर्च ६५ किलोकॅलरी. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे महिनाभरात जेमतेम पाव किलो, तेही खाणं तसूभर न वाढवता. स्नायू वाढवायला स्वतःची ऊर्जा लागते आणि मोठ्या स्नायूंनी व्यायाम जास्त जोरानं होतो, हे दोन्ही त्यात धरायला हवं. तरीही 'स्नायू म्हणजे चरबी जाळणारी भट्टी' ही जाहिरात आकड्यांपुढे टिकत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग स्पर्धक लोक चरबी उतरवण्याच्या काळात स्टेरॉइडं का घेतात? ते काही मूर्ख नाहीत. बरोबर, नाहीत. त्यांना ज्या कामासाठी ती हवी असतात ते काम वेगळं आहे.

माणूस गरजेपेक्षा कमी खाऊ लागला की तूट भरायला शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. तूट जितकी मोठी आणि माणूस आधीच जितका सडपातळ, तितका स्नायूंचा वाटा जास्त. स्पर्धेच्या आधीचे शेवटचे आठवडे म्हणूनच घातक: चरबी थोडी उरलेली, भूक मोठी आणि महिनोन्महिने कमावलेलं मांस हातचं निसटायला लागलेलं. टेस्टोस्टेरॉन इथे मुकादमाचं काम करतं. मालाची आवक-जावक किती, हे ते ठरवत नाही. आहे तो माल कुठे उतरवायचा आणि टंचाईत कुठल्या कोठारातून काढायचा, हे ते ठरवतं. आवक कमी करायची ती आहारानंच.

हे नुसतं म्हणणं नाही. २०१९ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी ५० तरुणांवर हे तपासलं. २८ दिवस त्यांना कडक व्यायाम आणि गरजेच्या निम्म्याहूनही कमी खाणं, ५५ टक्क्यांची तूट. अर्ध्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, अर्ध्यांना खोटं इंजेक्शन. अखेरीस दोन गटांच्या चरबीविरहित वजनात अडीच किलोचा फरक पडला, औषधवाल्यांच्या बाजूनं. गंमत म्हणजे पायांच्या ताकदीत दोन गटांत फरक दिसला नाही. वजनात मोजलेलं सगळंच मांस कामाला येतं असं नाही, त्यात पाणीही असतं.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१६ चा. लठ्ठ आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेले १०० पुरुष. सर्वांना आधी १० आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार, नंतर वजन टिकवण्याचा काळ, मिळून जवळपास वर्षभर. अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉन, अर्ध्यांना खोटं औषध. वर्षअखेरीला वजनकाट्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच उतरले होते. पण खोट्या औषधाच्या गटानं चरबी आणि स्नायू दोन्ही गमावले, तर टेस्टोस्टेरॉनच्या गटाची घट जवळजवळ सगळी चरबीची होती, दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन किलो जास्त. औषधाचा चरबीवरचा परिणाम पाहायचा तर याहून स्पष्ट उदाहरण मिळणं कठीण. त्यातल्या दोन अटी तेवढ्या नजरेआड होऊ देऊ नयेत: टेस्टोस्टेरॉन मुळात कमी होतं, आणि आहाराची तूट खरी होती.

आता 'कटिंगच्या गोळ्या' म्हणून मिरवणाऱ्या नावांकडे वळू. ऑक्सॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, ड्रोस्टॅनोलोन. ही जास्त चरबी जाळतात म्हणून 'कटिंग'ची आणि टेस्टोस्टेरॉन 'बल्किंग'चं, म्हणजे अंग भरण्याचं, अशी वाटणी सर्रास केली जाते. त्यातला बराचसा भाग पाण्याचा आहे. टेस्टोस्टेरॉनचा काही हिस्सा अरोमाटेज या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि मोठ्या मात्रेत त्यामुळे अंगात मीठ-पाणी साठतं, चेहरा आणि अंग सुजल्यासारखं दिसतं. ही तीन औषधं इस्ट्रोजेनमध्ये बदलत नाहीत. पाणी कमी साठतं, म्हणून स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. आठवड्याभरात 'चरबी उतरली' असं वाटतं तेव्हा बहुधा पाणी उतरलेलं असतं.

ऑक्सॅन्ड्रोलोनची कथा तर मासलेवाईक आहे. अमेरिकेत त्याला १९६४ मध्ये मान्यता मिळाली ती वजन वाढवण्यासाठी! मोठी शस्त्रक्रिया, जुनाट संसर्ग, गंभीर इजा यांनंतर खंगलेल्या माणसाच्या अंगी मांस भरावं म्हणून. जिममध्ये तीच गोळी वजन उतरवणारी म्हणून विकली जाते. तिचा चरबीवर परिणाम अजिबात नाही असंही नाही. साठीच्या पुढच्या पुरुषांना १२ आठवडे ती दिल्यावर पोटाची चरबी खरोखर घटल्याची नोंद आहे. पण पुन्हा तोच मुद्दा: या वयात टेस्टोस्टेरॉन आधीच उतरणीला लागलेलं असतं. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्सॅन्ड्रोलोनची मान्यता काढून घेतली. ट्रेनबोलोनबद्दल एवढंच सांगतो की ते गुरांसाठी आहे. अमेरिकेत मांसासाठी वाढवलेल्या गुरांच्या कानाच्या कातडीखाली त्याच्या गोळ्या बसवतात, म्हणजे तेवढ्याच चाऱ्यात जास्त मांस मिळतं. युरोपीय संघात तेही चालत नाही.

आणि जिममध्ये एकत्र घ्यायच्या औषधांच्या ज्या संचाला 'स्टॅक' म्हणतात त्यात स्टेरॉइड एकटं कधीच नसतं. खरी चरबी उतरवणारी औषधं बहुतेकदा त्याच्या शेजारी बसलेली असतात आणि श्रेय मात्र स्टेरॉइडला जातं. क्लेनब्युटेरॉल हे स्टेरॉइड नव्हे. श्वासनलिका मोकळी करणारं औषध आहे, ॲड्रिनॅलिनच्या ग्राहकांवर काम करतं, हृदयाचे ठोके वाढवतं, हात थरथरतात. सायकलपटू अल्बेर्तो काँतादोर यानं जिंकलेलं २०१० च्या तूर द फ्रान्सचं विजेतेपद याच औषधाच्या अंशापायी गेलं. थायरॉइडचं संप्रेरक टी-३ चयापचयाचा वेग वाढवतं, पण चरबीबरोबर स्नायूही खातं. म्हणूनच ते घेणाऱ्याला स्टेरॉइडची ढाल लागते. वाढीचं संप्रेरक चरबीच्या पेशी रिकाम्या करायला प्रभावी असतं. शेवटच्या दिवसांत मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, औषधं घेतात, त्यानं पोटॅशियम बिघडून हृदयाची लय चुकू शकते आणि यात माणसं दगावलेली आहेत. या सगळ्यांत भयंकर डायनायट्रोफिनॉल. ते मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जा साठवूच देत नाही, तिची नुसती उष्णता होते. १९३०च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला विकलं जात होतं. माणसं आतून तापून मेली, काहींना मोतीबिंदू झाले आणि १९३८ मध्ये ते माणसांसाठी अयोग्य ठरलं. आजही चोरवाटांनी मिळतं आणि आजही माणसं मरतात. ताप उतरवणारी औषधं त्यावर चालत नाहीत आणि त्याला उतारा नाही.

आणखी एका प्रचलित समजाची दखल घ्यायला हवी. 'इस्ट्रोजेन म्हणजे चरबी, ते दाबलं की अंग कोरडं होतं' असं म्हणून सायकल करणारे ॲनास्ट्रोझोलसारखी अरोमाटेज रोखणारी औषधं सोबत घेतात. २०१३ साली सुमारे ४०० पुरुषांवरच्या एका अमेरिकी प्रयोगात नेमकं हेच तपासलं गेलं. सर्वांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद करून वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि निम्म्यांना सोबत ॲनास्ट्रोझोल. निष्कर्ष चकित करणारा होता. टेस्टोस्टेरॉन कमी पडल्यानं स्नायू आणि ताकद घटते. चरबी वाढते ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्यानं! पुरुषाच्या शरीरात चरबी आटोक्यात ठेवण्याचं बरंचसं काम टेस्टोस्टेरॉनपासून बनलेलं इस्ट्रोजेन करतं. पाणी उतरवण्यासाठी ते पार दाबून टाकणं म्हणजे चरबीच्याच बाजूनं लढणं.

किंमत काय मोजावी लागते, तेही चरबीच्या भाषेतच सांगता येईल. तोंडावाटे घ्यायची बरीच स्टेरॉइडं यकृतानं लगेच मोडू नयेत म्हणून त्यांच्या रेणूत एक बदल केलेला असतो आणि त्याचा ताण यकृतावर व रक्तातल्या मेदावर पडतो. १९८९ मध्ये वजन उचलणाऱ्या पुरुषांवर तुलना झाली: दिवसाला फक्त ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलनं सहा आठवड्यांत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, ३३ टक्क्यांनी घसरलं आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, २९ टक्क्यांनी चढलं. टेस्टोस्टेरॉनच्या २०० मिलिग्रॅमच्या साप्ताहिक इंजेक्शननं एचडीएलची घसरण ९ टक्क्यांवर थांबली. 'कटिंग'ची म्हणून नावाजलेली गोळी पोटावर काय करते ते करो, धमन्यांच्या बाबतीत ती सर्वांत वाईटांपैकी एक आहे. २०१७ मध्ये १४० अनुभवी वेटलिफ्टरांच्या हृदयाची तपासणी प्रसिद्ध झाली. दर ठोक्याला डावा कप्पा त्यातलं किती रक्त बाहेर फेकतो, हे प्रमाण स्टेरॉइड न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के होतं, घेणाऱ्यांत ५२. रक्त घट्ट होणं हा आणखी एक धोका, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीतही टळत नाही.

सायकल संपल्यावर काय होतं हे चरबीच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच फोटोत येत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूतून वृषणांना जाणारा निरोप थांबतो आणि शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पडतं. इंजेक्शन थांबवल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागतात. काहींच्या बाबतीत वर्ष उलटतं, तरी पातळी पूर्वपदावर येत नाही. या मधल्या काळात तो माणूस नेमका वरच्या प्रयोगातल्या २५ मिलिग्रॅमच्या गटात जाऊन बसतो: टेस्टोस्टेरॉन अपुरं, स्नायू ओसरणारे, चरबी जमा होणारी. वर उदास मन आणि मंदावलेली कामेच्छा. ते सहन होत नाही म्हणून पुढची सायकल लवकर सुरू होते आणि मग थांबणं अवघड होऊन बसतं.

बायकांच्या बाबतीत तर हिशेबच पालटतो. पीसीओएस या बीजकोशांशी संबंधित विकारात बाईच्या अंगात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि त्याबरोबर पोटाची चरबी कमी होत नाही, बहुधा वाढतेच. मासिक पाळी थांबलेल्या लठ्ठ बायकांना नॅन्ड्रोलोन देऊन पाहिलं, तेव्हा एकूण चरबी घटली आणि स्नायू वाढले, पण पोटाच्या आत अवयवांभोवती साठणारी चरबी वाढली, म्हणजे आरोग्याला सर्वांत नडणारी तीच. वर आवाज घोगरा होतो, आणि एकदा झाला की औषध थांबवूनही पूर्ववत होत नाही.

राहता राहिला तो पोट सुटलेला, थकलेला, रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी आलेला पुरुष. वर सांगितलेल्या चांगल्या निकालांवर त्याचा हक्क सर्वांत जास्त, असं वाटेल. पण लठ्ठपणा स्वतःच टेस्टोस्टेरॉन खाली ओढतो. टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेणारं प्रथिन लठ्ठपणात घटतं, त्यामुळे तपासणीतला एकूण आकडा आणखी खाली दिसतो. वजन उतरलं की आकडा वर येतो, आणि लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर तर तो चांगलाच वर आल्याचं वारंवार दिसलं आहे. म्हणून डॉक्टर अशा माणसाला एका चाचणीवर औषध लिहून देत नाहीत. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त आणि संध्याकाळपर्यंत कमी होत जातं, जेवणानंतरही ते घसरतं, त्यामुळे दुपारी जेवून दिलेल्या रक्ताचा आकडा फसवा असू शकतो. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतात, लक्षणं विचारतात. दोन्ही वेळा आकडा खरोखर खाली आला, तर मग तो का खाली आला याचा शोध सुरू होतो.